उरलेलं अर्धं लिंबू

घड्याळजी पट्टी लावून डुकराच्या मांसावर चिरा पाडत होते. दोन चिरांमध्ये बरोबर एक बोटाचं अंतर, सुरी चरबीपर्यंत गेली की थांबायची, खाली मांसाला लागायची नाही. आयुष्यभर लोकांची मनगटी घड्याळं उघडून बसलेला माणूस, हात थरथरायचा प्रश्नच नव्हता. चिरांमध्ये मीठ चोळून झालं, ट्रे ओव्हनमध्ये सरकवला आणि त्यांनी वेळ बघितली. दहा वाजून पाच मिनिटं.

"बाबा, कशाला एवढी उठाठेव?" आतून लेकीचा आवाज आला. "पावभाजीसुद्धा चालली असती मला."

"तू गप बस गं, चिंगे."

चिंगी पस्तिशीला आली, एका शाळेची मुख्याध्यापिका झाली, पण या घरात ती चिंगीच. आठ दिवसांसाठी आली होती आणि उद्या सकाळी परत जाणार होती. आठ दिवसांत तिच्या ताटातलं अन्न जेमतेम चिवडलं जात होतं. आई जाऊन चार महिने झाले, पोरगी वाळून काडी झालेली. पहिल्याच दिवशी घड्याळजींनी विचारलं होतं, काय खावंसं वाटतंय ते तरी सांग. ती म्हणाली, "आई करायची ते. भाजलेलं पोर्क आणि त्यावरचा आलुबुखारांचा सॉस."

बस्स. तेव्हापासून त्यांच्या जिवाला घोर लागला होता.

मांसाची काळजी नव्हती, ते घड्याळाच्या काट्यावर होत होतं. घोडं अडत होतं सॉसपाशी. बायकोची वही समोर होती, तिच्या गोलगोल अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. बारा आलुबुखार, दोन चमचे साखर, दालचिनीचा तुकडा, अर्धं लिंबू. यात चुकायला जागा कुठे आहे? तरी मंगळवारी केला तो गुळमट झाला, शुक्रवारी केला तोही गुळमट. दोन्ही वेळा चिंगी "छान आहे हो" म्हणाली आणि दोन घासांत उठली. छान आहे म्हणताना तिचा चेहरा जसा झाला, तो बघून त्यांनी आपलंही ताट बाजूला सारलं होतं.

आज तिसरी आणि शेवटची खेप. आलुबुखार शिजून लालभडक झाले, साली सुटल्या, पळीला रस धरू लागला. वहीत म्हटल्याप्रमाणे अर्धं लिंबू पिळून त्यांनी पळीचं टोक जिभेला लावलं.

पुन्हा तेच. गोडमिट्ट.

"छे!" पळी ओट्यावर आदळली. "हिने काहीतरी लपवलंय माझ्यापासून. नक्की लपवलंय."

चिंगी दारात येऊन उभी राहिली. ओट्यावर सांडलेला रस तिने पाहिला आणि वही जवळ ओढली.

"सगळं यातलंच घातलंत?"

"शब्दन्‌शब्द. तीनतीनदा वाचून. माझ्याच्याने नाही होत गं. तिच्याबरोबर तिची चवही गेली, झालं." त्यांनी पळी मोरीत टाकली. "एवढी एक गोष्ट मागितलीस तू, तीही देता येईना मला."

चिंगीने वही मिटली. ओट्यावर पडलेल्या उरलेल्या अर्ध्या लिंबाकडे ती बघत राहिली.

"बाबा, आई सॉस करायची तेव्हा तुम्ही कुठे असायचात?"

"कुठे म्हणजे? खिडकीपाशी. माझ्या टेबलावर."

"बसा तिथे."

"आता हे काय नवीन?"

"बसा तर खरं."

ते बसले. टेबलावर एक उघडं घड्याळ पडलेलं होतंच. सवयीने त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि चिमटा उचलला. थोड्या वेळाने ओठांपाशी गरम वाफ आली. चिंगी चमचा धरून उभी होती.

"अहो, चव बघा जरा."

अगदी आईच्याच सुरात. घड्याळजींनी मान वर न करता चमच्याला ओठ लावल्यासारखं केलं आणि म्हणून गेले, "अजून थोडं आंबट."

चिंगी वळली आणि उरलेलं अर्धं लिंबू पातेल्यात पिळलं.

"हे वहीत नाही," ती म्हणाली. "आईने मला सांगून ठेवलं होतं, हे लिंबू बघून आत्ता आठवलं. अर्धंच पिळायचं. उरलेलं बाबांसाठी ठेवायचं. ते अजून थोडं आंबट म्हणणार, हे ठरलेलंच."

घड्याळजींनी भिंग काढून टेबलावर ठेवलं.

"चिंगे, मी कधी चाखलंच नाही गं. सदतीस वर्षांत एकदाही नाही. हातातलं काम सोडवायचं नाही, म्हणून आपलं काहीतरी ठोकून द्यायचो."

"माहीत होतं तिला."

"काय?"

"चमचा भरलेलाच परत यायचा ना, बाबा."

ओव्हनमध्ये चरबी तडतडत होती. बाहेर कुणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं, ती काही सुरू होत नव्हती.

"मग विचारायची कशाला?" अखेर ते म्हणाले. "माहीत होतं तर विचारायची कशाला?"

"मीही तेच विचारलं होतं." चिंगीचा आवाज फाटला. चार महिन्यांत ती बापासमोर रडली नव्हती, आता मात्र तिने डोळेही पुसले नाहीत. "तर हसली. म्हणाली, दिवसभर लोकांच्या घड्याळांत डोकं घालून बसलेले असतात. तेवढं एक वाक्य माझ्या वाट्याला येतं. येऊ दे की."

घड्याळजींनी चिमटा खाली ठेवला. मग त्यांनी हात पुढे केला. चिंगीने पातेल्यातून चमचा भरून आणला. फुंकर घालायचंही त्यांना सुचलं नाही. जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं, तरी तो सगळा रस त्यांनी सावकाश तोंडात घोळवला, गिळला आणि चमचा चाटूनपुसून स्वच्छ केला.

"चांगलं झालंय गं," ते म्हणाले. "फार चांगलं झालंय."

चिंगी त्यांच्या टेबलापाशी उभी होती. ते मात्र बोलत होते पलीकडे, जिथे तिची आई उभी असायची त्या शेगडीकडे बघून.