लाल पट्टीच्या अलीकडे

“दुसरा टाक... दुसरा टाक की गं,” गल्ल्यावर बसलेला अमरनाथ स्वतःशीच पुटपुटत होता.

स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर पिकअप पहिल्या गिअरमध्येच किंचाळत होती. चढ संपून सपाट रस्ता लागला तरी गिअर बदलेना. घाटनांदूरच्या बाजारातली माणसं माना वळवून बघू लागली. समोरच्या हॉटेलात कुणीतरी दोन्ही कानांवर हात ठेवले, तसे बाकीचे हसले.

गाडी दुकानापुढं येऊन थांबली. त्याची बायको रुद्राणी खाली उतरली. साडीवर घातलेल्या शर्टाच्या बाह्या वर सारून तिनं हमालाला कुठली पोती उतरवायची ते दाखवलं. तेवढं झाल्यावर गाडी बाजूला घ्यावी म्हणून ती परत आत बसली आणि तिनं चावी फिरवली.

इंजिन चालूच होतं.

दगडावर पत्रा घासावा तसा आवाज झाला. हॉटेलातल्या माणसांनी तोंडं वाकडी केली. रुद्राणीला आवाज आला नाही, पण ती तोंडं दिसली. तिनं चावी काढून घेतली आणि काचेतून दुकानाकडं पाहिलं.

“दादा, बास झालं आता,” मागून केदारनाथ म्हणाला. “परवा अंबाजोगाईच्या चढाला गाडी बंद पडून मागं आली. मागं कुणी न्हवतं म्हणून निभावलं. अन् आज ह्ये. अंबाजोगाईचा बजरंग जुन्या गाड्या घेतो. त्याला रविवारी बोलवू का?”

अमरनाथनं गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला आणि मान हलवली. ती मान होकाराची होती.

केदारनाथ त्याचा धाकटा भाऊ. दोघांचं दुकान एकच: किराणा, सरकी, पेंड. दुकानाचा माल आणायला पिकअप घेतली तेव्हा तिला एक ड्रायव्हर होता, तो ऐन हंगामात काम सोडून गेला. माल स्टेशनवर पडून होता आणि दोघा भावांपैकी एकालाही गाडी चालवता येत नव्हती. केदारनाथ पुढं शिकला, तेही मोटारसायकलच. तेव्हा नव्या नवरीचं नवेपण अजून न सरलेली रुद्राणी म्हणाली होती, “चावी द्या इकडं.” तिच्या वडिलांची, वैजिनाथरावांची, जीप होती. त्या जीपवर शेताच्या वाटेनं ती शिकली होती. त्या दिवशी पिकअप बघायला अर्धं गाव रस्त्यावर आलं होतं. पुढं लोकांना सवय झाली. अंबाजोगाई, परळी, लातूर, कुठल्याही मोंढ्यात, घाऊक बाजारात, पिकअप शिरली की हमाल म्हणत, घाटनांदूरच्या वैनी आल्या.

दोन वर्षांमागं तिला मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना कान घेऊन गेला. डॉक्टरांनी मशीन दिलं. घरात समोर बसून कुणी बोललं तर त्यानं थोडंफार कळे. गाडीत मात्र त्यातून नुसती भणभण येई, म्हणून गाडीत बसताना ती ते काढून ठेवी. हॉर्न ऐकू येत नाही म्हणून तिनं दोन्ही बाजूंना ट्रकचे मोठे आरसे लावून घेतले होते. मागचं सगळं तिला दिसे. पण इंजिन काही आरशात दिसत नाही. गिअर कधी बदलायचा हे ती आयुष्यभर कानानंच ठरवत आली होती.

संध्याकाळी ताटावर बसल्यावर ती म्हणाली, “गिऱ्हाईक कवा येणार हाय?”

अमरनाथचा घास हातातच राहिला. हल्ली तिचा आवाज चढाच असे. पलीकडच्या खोलीत केदारनाथलाही ते ऐकू गेलं असणार.

“कुनी सांगितलं तुला?”

“भावजींच्या तोंडानंच. कान गेल्यापासून मी तोंडं वाचायला लागले, ह्ये तुमच्या कुनाच्याच ध्यानात न्हाई.” तिनं त्याच्याकडं रोखून पाहिलं. “अन् तुमची मान बी बघितली मी.”

त्यानं घास ताटात ठेवला. तो भित्रा माणूस होता आणि ते त्याला ठाऊक होतं. गाडी घेऊन ती गेली की परत येईस्तोवर त्याचं लक्ष वजनकाट्यावर कमी आणि रस्त्यावर जास्त असे. गाडी विकली तर निदान हा घोर तरी संपेल, असं त्याला वाटलं होतं. तिच्या हातातून चावी गेल्यावर ती दिवसभर काय करील, हे मात्र त्याच्या मनात आलं नव्हतं.

“उद्या दुकान भावजी बघतील,” ती म्हणाली. “आपन मांजरसुंब्याला जायचं. तिथं सिदू म्हणून गाड्यांचं वायरिंग करनारा हाय. ट्रकवाले सांगत व्हते.”

“कावून?”

“ट्रॅक्टरला असतो न्हवं, इंजिनाच्या चकरा दाखवनारा काटा? तसलं मीटर बसवायचं. कानाला न्हाई कळत तर डोळ्याला कळंल.”

सकाळी निघताना तिनं हमालाकरवी पिकअपमध्ये पेंडीची पोती भरून घेतली. “मीटर बसवायला जायचं तर वझं कशाला?” अमरनाथनं हातवारे करून विचारलं. “रिकाम्या गाडीवर काय कळनार हाय?” ती म्हणाली.

मांजरसुंब्याच्या चौकात, धाब्यांच्या रांगेच्या टोकाला, सिदूचं पत्र्याचं दुकान होतं. बाहेर दोन ट्रक बॉनेट उघडून उभे होते. तिचं म्हणणं ऐकून तो हसलाच.

“वैनी, ह्ये मीटर पोरं हौसेनं बसिवतात. तुमच्या गाडीचं वय बघा की. हिला कशाला हा शिणगार?”

“मला बी हौसच हाय,” रुद्राणी म्हणाली. “गाडी चालवायची.”

सिदूनं अमरनाथकडं पाहिलं. अमरनाथनं आपल्या कानाकडं बोट दाखवलं आणि मग तिच्याकडं. सिदूचं हसू मावळलं. त्यानं हात पुसले आणि आत जाऊन भंगारातल्या कुठल्याशा ट्रकचं मीटर काढून आणलं. बशीएवढी काळी तबकडी होती आणि काटा शाबूत होता.

“डिझेल गाडीला प्लग नसतो,” बॉनेटमध्ये डोकं घालून तो सांगू लागला. “तवा चकरा मोजायच्या तर अल्टरनेटरवरून वायर काढावी लागंल. ते खोलावं लागंल, आत टाका मारावा लागंल...”

रुद्राणीनं बॉनेटवर थाप मारली. “तोंड दिसू द्या. मला समजून घ्यायचंय.”

सिदू सरळ उभा राहिला आणि त्यानं सगळं पहिल्यापासून सांगितलं. मग प्रत्येक वेळी काही सांगायचं झालं की तो डोकं बाहेर काढी, तिच्याकडं बघून बोले आणि परत आत जाई. अल्टरनेटर खोलून झाला, वायर जोडून झाली. डॅशबोर्डमध्ये एवढ्या मोठ्या तबकडीला जागा नव्हती, म्हणून त्यानं लोखंडी पट्टी वाकवून मीटर डॅशबोर्डच्या वर, स्टिअरिंगच्या समोरच बसवलं. इंजिन चालू केलं. काटा थरथरला, वर आला, भलतीकडंच जाऊन थांबला. सिदूनं मागचा स्क्रू थोडा थोडा फिरवत तो योग्य आकड्यावर आणला.

“हितं काटा असला म्हंजी गाडी चालू हाय. मग चावीला हात लावायचा न्हाई,” तो म्हणाला.

रुद्राणी त्या काट्याकडं पाहत राहिली. तिनं हलकेच पाय दाबला. काटा वर गेला. पाय सोडला, काटा खाली आला. असं तिनं कितीतरी वेळा केलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच गाडी तिच्याशी बोलत होती.

“पर गिअर कुठल्या आकड्याला बदलायचा?” अमरनाथनं सिदूला विचारलं.

“ते मी कसं सांगू? नव्या गाडीच्या पुस्तकात असतंय. ह्या म्हातारीचं तिलाच ठाव. वैनी कानानंच चालवत व्हत्या न्हवं? आता ज्याला कान हाईत त्यानं सांगावं.”

रुद्राणीनं ते तोंड वाचलं आणि नवऱ्याकडं वळून पाहिलं. “तुमी.”

“मी? मला गाडीतलं काय कळतं?”

“आवाज तर कळतो. इतकी वर्सं गल्ल्यावर बसून दुसरं काय ऐकलं? मी आधी ज्या आवाजाला गिअर टाकत व्हते तसा आवाज आला की हात वर करायचा.”

सिदूनं वायरीला गुंडाळायच्या लाल आणि हिरव्या टेपचा एकेक तुकडा खुणांसाठी गाडीच्या पुढच्या काचेवर चिकटवून दिला आणि दोघं घाटाकडं निघाली. बीडच्या बाजूला घाट उतरून खाली जायचं आणि भरल्या गाडीनं चढून परत वर यायचं, असं तिनं ठरवलं होतं.

खाली गाडी वळवली. अमरनाथनं लिंगाला हात लावला आणि डोळे मिटले. मिटले तेव्हा भीतीनं मिटले होते. पण डोळे मिटल्यावर आवाज मोठा झाला. पहिल्या गिअरचा जड घरघराट चढत गेला, चढत गेला आणि एका जागी त्याला वाटलं, आता. पूर्वी ह्याच जागी आवाज तुटायचा आणि खालून पुन्हा सुरू व्हायचा. त्यानं हात वर केला. आवाज तुटला. दुसरा पडला. पुन्हा चढला, पुन्हा त्यानं हात वर केला.

मागून एक कंटेनर हॉर्न वाजवत आला, तसा तो दचकून तिच्याकडं वळला. रुद्राणीनं आरशात तो कधीच पाहिला होता. तिनं शांतपणे बाजू दिली.

“माझ्याकडं नका बघू,” ती म्हणाली. “आवाज ऐका.”

मोठ्या चढाला लागल्यावर इंजिन गुदमरायला लागलं. परवा अंबाजोगाईच्या चढाला हेच झालं असणार. “गाडी रडायला लागली!” तो ओरडला, आणि ओरडून उपयोग नाही हे आठवून त्यानं हात खाली आणला. तिनं काट्याकडं पाहिलं आणि खालचा गिअर घातला. गाडीनं श्वास घेतला आणि चढू लागली.

वर येऊन तिनं वळवली आणि परत खाली गेली. पुन्हा वर. पुन्हा खाली. प्रत्येक वेळी त्याचा हात वर गेला तेव्हा काटा वरच्या एकाच आकड्यावर होता आणि हात खाली आला तेव्हा खालच्या एकाच आकड्यावर. तिनं गाडी रस्त्याकडेला घेतली, ब्लेडनं टेपच्या बारीक चिंध्या केल्या आणि मीटरच्या काचेवर लावल्या. वर लाल, खाली हिरवी.

“आता डोळे उघडे ठेवा अन् हात मांडीवर,” ती म्हणाली.

शेवटची चढण तिनं एकटीनं चढली. काटा लाल पट्टीला टेकण्याच्या अलीकडे प्रत्येक गिअर पडला. हिरवीच्या खाली तो एकदाही गेला नाही. माथ्यावर तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. आवाज पहिल्यासारखाच येत होता. ते तिला कसं सांगावं हे अमरनाथला सुचेना. त्यानं नुसती मान हलवली.

रविवारी बजरंग आला. खाली वाकून चाकं पाहिली, बॉनेट उघडून पाहिलं, आत डोकावून म्हणाला, “ह्ये काय लावलंय?”

“इंजिनाचं मीटर,” रुद्राणी दुकानाच्या पायरीवरून म्हणाली. “पर गाडी विकायची न्हाई. चहा घेऊन जा.”

बजरंगनं केदारनाथकडं पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाला, “बहिऱ्या मानसाच्या हातात गाडी? उगं जिवाशी खेळ.”

“हळू बोलून उपेग न्हाई,” रुद्राणी म्हणाली. “मला तुमचं तोंड दिसतंय.”

बजरंग वरमला. केदारनाथ मात्र चिडला होता. “वैनी, मी काय तुमचा वैरी हाय का? उद्या काय झालं म्हंजी?”

“भावजी, तुमी कानात गाणी लावून मोटारसायकल हाणता, तवा तुमची गाडी विकायला कुनी गिऱ्हाईक आनलं का? माझे आरसे बघा, मीटर बघा. पटलं न्हाई तर माझ्यासंगं बसा अन् अंबाजोगाईचा चढ चढून या. तिथं चुकले तर चावी तुमच्या हातात देईन. पर बसल्याबिगर बोलायचं न्हाई.”

केदारनाथनं भावाकडं मोर्चा वळवला. “दादा, गाडी तुझ्या नावावर हाय. तूच हो म्हणलतास.”

बाजारातली माणसं थबकून ऐकत होती. हॉटेलातलेही बाहेर आले होते. एवढ्या लोकांसमोर अमरनाथ आजवर भाव सोडून काही बोलला नव्हता.

“म्हणलतो,” तो उठून उभा राहिला. “भ्यालो म्हणून म्हणलतो. आता न्हाई म्हणतोय. मी बसून आलोय तिच्यासंगं.”

केदारनाथ गल्ल्याजवळच्या पोत्यावर जाऊन बसला. बजरंगनं चहा घेतला, कप ठेवला आणि निघून गेला.

रुद्राणीनं चावी घेतली. अंबाजोगाईहून माल आणायचा होता. अमरनाथ चप्पल शोधू लागला तशी ती म्हणाली, “तुमी नका येऊ. दुकान बघा.” भावजींकडं तिनं एकदा पाहिलं. ते जागचे हलले नाहीत. मग ती एकटीच गाडीत बसली, काट्याकडं बघून चावी फिरवली आणि गाडी रस्त्याला लावली.

वत्सलाबाई गुळासाठी येऊन उभ्या होत्या. अमरनाथच्या हातात ढेप होती, पण ती वजनकाट्यावर ठेवायचं त्याला भान नव्हतं. पहिला... दुसरा. वळणापलीकडं गाडी दिसेनाशी झाली तरी आवाज येत होता. तिसरा पडला. चढाला आवाज जड झाला, तुटला, पुन्हा लागला. मग तो बारीक होत होत बाजाराच्या गडबडीत मिसळून गेला.

“आवो, कवाची हुबी हाय मी,” वत्सलाबाई म्हणाल्या. “कुनाची गाडी ऐकताव एवढी?”

आजवर चारचौघांत त्यानं बायकोचं नाव घेतलं नव्हतं.

“रुद्राणीची,” अमरनाथ म्हणाला, आणि त्यानं ढेप काट्यावर ठेवली.