मंजुश्रीनं लावलेला गेन

गेल्या वर्षी नांदेडच्या कार-साउंड स्पर्धेत भर मैदानात अमरनाथच्या गाडीतला वूफर, म्हणजे घुमणाऱ्या आवाजाचा मोठा स्पीकर, जळाला. काचेतून धूर निघाला, लोक हसले. जळकोटला परतल्यावर त्यानं स्पर्धेचं नाव काढलं नाही. गाड्यांना स्पीकर बसवायचं दुकान तो आणि त्याची बायको मंजुश्री मिळून चालवायचे. यंदा तिनंच परस्पर त्याचं नाव नोंदवलं.

"परत हसं करून घ्यायचं का?" अमरनाथ भडकला.

"वूफरचा दोष नव्हता. तुम्ही ॲम्प्लिफायरचा गेन नुसत्या कानानं लावलात. ॲम्प्लिफायरला झेपलं न्हाई, आवाज फाटला अन् वूफर जळाला. औंदा मीटरनं लावू."

तिनं वूफरच्या वायरी सोडवल्या, बेस बूस्ट बंद केला, टेपचा आवाज पाऊणपर्यंत नेला आणि एकसुरी टोन लावला. ॲम्प्लिफायर चारशे वॅटचा, वूफर चार ओहमचा. गुणाकाराचं वर्गमूळ चाळीस, म्हणजे चाळीस व्होल्टला थांबायचं. मीटर एसी व्होल्टवर ठेवून तिनं त्याची टोकं वायरींच्या जागी टेकवली. अमरनाथ पेचकसानं टेपच्या आवाजाशी ॲम्प्लिफायर जुळवणारा गेनचा स्क्रू हळूहळू फिरवू लागला. एकोणतीस... सदतीस... चाळीस.

"बास!"

"आगं, स्क्रू निम्मासुद्धा फिरला न्हाई!"

"आवाज वाढवायचं बटन न्हाई ते. ऱ्हाऊ द्या."

नांदेडच्या मैदानात परीक्षक प्रत्येक गाडीत हलगीची एकच धून वाजवून आवाज किती स्वच्छ येतो ते तपासत होते. बिलोलीच्या व्यंकटची गाडी आधी वाजली. जमीन हादरली, पोरांनी शिट्ट्या मारल्या. अमरनाथचा हात खिशातल्या पेचकसाकडे गेला.

"थोडा वाढवू का गं?"

मंजुश्रीनं ठामपणे नकारार्थी मान हलवली. त्यानं हात काढून घेतला.

त्यांची पाळी आली. परीक्षकांनी आवाज चढवला. हलगीची प्रत्येक थाप सुटी, टणक, छातीवर येऊन आदळणारी. कुठं खरखर नाही, गुरगुर नाही. परीक्षकांनी आणखी चढवला. धून संपली तरी ते डोळे मिटून बसून होते.

पहिला नंबर जळकोटचा निघाला. सगळ्यात आधी व्यंकट धावत आला. "मानलं गड्या! शेटिंग कुणाची?"

मंचावरून अमरनाथचं नाव पुकारलं गेलं. तो चढला, माइक हातात घेतला. "नाव चुकलं साहेब," तो म्हणाला. "मंजुश्री अमरनाथ लिहा."

मैदानात टाळ्या उसळल्या. पदर खोचून मंजुश्री दोन-दोन पायऱ्या एकदम चढली आणि बक्षिसाची ढाल दोन्ही हातांनी डोक्यावर धरली.