न सांगण्यासारखं दुखणं

“मेली ही खाज. सरणावरच जाईन वाटते माह्यासंगं.”

सिंधूचं हे पुटपुटणं कुणाला ऐकवण्यासाठी नव्हतं. पण नागपूरच्या इंदोरा वस्तीतल्या त्या घरात न्हाणी आणि चूल यांच्यामध्ये बांबूचा एक तट्टा तेवढा होता, आणि तट्ट्याच्या अलीकडे इंदूबाई भाकर थापत बसली होती. तिचा हात परातीतच थांबला. पलीकडे पाणी ओतल्याचा आवाज आला, मग दातातून हवा ओढल्याचा, पोळल्यावर माणूस ओढतो तसा.

इंदूबाई सासू, सिंधू सून. दोघींना बांधणारा वसंत काविळीने जाऊन तीन पावसाळे झाले होते. लेकरूबाळ नव्हतं. वस्तीतल्या बायका म्हणत, पोरगी तरणी हाय, पारशिवनीले भावाकडे धाडून दे, तो पाहीन तिचं दुसरं घर. सिंधू गेली नाही आणि इंदूबाईने धाडली नाही. सकाळी “उठल्या का, आत्याबाई?” असं विचारणारं एक माणूस घरात असलं की म्हातारपण अर्धं हलकं होतं, हे तिने कुणाला सांगितलं नसलं तरी तिला पक्कं ठाऊक होतं.

सिंधू इतवारीतल्या एका दुकानासाठी परकर शिवायची. ओमप्रकाश नावाचा माणूस सायकलवर कापलेल्या कापडाचा गठ्ठा आणून टाकी आणि शिवलेला घेऊन जाई. अर्ध्या नागपूरच्या बायका हिच्या परकरात सुखाने वावरत होत्या, आणि हिला स्वतःला मशीनपुढच्या स्टुलावर धड टेकता येत नव्हतं. कधी या अंगावर बसे, कधी त्या. मे महिना, पत्र्याचं छप्पर, पाठीवरून घामाच्या धारा. न्हाणीत तुरटीचं पाणी असे, लिंबाचा उकळलेला पाला असे, आणि अलीकडे कपडे धुवायच्या साबणाची वडी भराभर झिजू लागली होती. आतली फडकी ती दोरीवर लुगड्याच्या पदराखाली झाकून वाळत घाली. ती वाळत नसत, नुसती कोमट होत.

हे सगळं इंदूबाईने पाहिलं आणि त्याचा अर्थ लावला. तो अर्थ तिला शोधावा लागला नाही.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिलाही असंच झालं होतं. आग, खाज, घाण पाणी. एक लेकरू पोटातच गेलं, दुसरं मेलेलं जन्मलं. तेव्हा सुईणीने कानाशी लागून सांगितलं होतं, “बाई, हे तुहं नोहे. नवऱ्यानं बाजारातून आणलं.” नवऱ्याने, नत्थूने, गुपचूप सुया टोचून घेतल्या, घरात शब्द काढला नाही. पुढे वसंत झाला, नत्थूही सुधारला, आणि मेल्यावर तर वस्तीत त्याच्याइतका सीधा माणूस कुणी नव्हताच. इंदूबाईही त्या बोलण्यावर मान हलवायची. हे दुखणं बाईला एकाच वाटेने येतं, एवढंच तिला शिकायला मिळालं होतं, आणि ते तिने जन्मभर सांभाळून ठेवलं होतं.

मग एकेक गोष्ट जुळत गेली. सिंधू रात्रीतून उठून बाहेर जायची, एकदा नाही, तीनतीनदा. विचारलं तर म्हणे, “लघवीले.” माठ संध्याकाळपर्यंत रिकामा व्हायचा. अंग वाळत चाललं होतं. ओमप्रकाश दारात उभा राहून “भाभीजी, पानी मिलेगा?” म्हणाला की ती गडवा द्यायची आणि हसायची. आधीही हसायचीच, इंदूबाईला ते आताच दिसलं.

तिने सिंधूला विचारलं नाही. विचारलं आणि ती “हो” म्हणाली तर? दुसरं घर करायचं तर राजीखुशीने कर, मी स्वतः तुझी ओटी भरीन, हे शब्द कितीदा ओठांपर्यंत आले. पण मग उत्तर ऐकावं लागलं असतं. त्यापेक्षा तिने आपला गडवा वेगळा केला, साबण वेगळा केला, सतरंजी भिंतीकडे ओढली. ओमप्रकाशला म्हणाली, “तू नको येत जाऊ गा. मीच येत जाईन दुकानात.” आणि भर उन्हात डोक्यावर गठ्ठा घेऊन ती इतवारीला खेपा घालू लागली.

सिंधूनेही विचारलं नाही. वेगळा झालेला गडवा तिने पाहिला आणि आपला खाली, मोरीजवळ ठेवला. एक दिवस परकराची शिलाई वेडीवाकडी आली, दुकानदाराने गठ्ठा परत केला. त्या संध्याकाळी इंदूबाई म्हणाली,

“तुह्या भावाले, धोंडबाले निरोप धाडला. तू पारशिवनीले जाऊन राह्य काही दिवस.”

“किती दिवस?”

“पाहू.”

सिंधूने पिशवी भरली. मशीनवर चादर घातली.

मोटार स्टँडवर ती पाणपोईशी उभी राहिली आणि पीतच राहिली. पाणी वाढणारा म्हातारा म्हणाला, “दम घे वं बाई, विहीर आटवतं का?” इंदूबाई बाकावरून म्हणाली, “बस न वं.” सिंधू म्हणाली, “उभीच बरी हावो.” आणि गाडी लागायच्या आत तिथल्या तिथे खाली बसली, मग आडवी झाली.

दोन बायांनी धरून तिला रिक्षात घातलं. रिक्षावाल्याने बायकांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी पडदा ओढला. इंदूबाई पडद्याच्या बाहेर स्टुलावर. पुन्हा एकदा आडून ऐकणं तिच्या वाट्याला आलं.

“कधीपासून आहे हे?”

“होळीपासून.”

“आणि आत्ता येताय? काय काय लावलंत?”

“तुरटी. मंग साबण. कपड्याचा.”

“सालटी काढलीत हो स्वतःची,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “नवरा?”

“वारले.”

इंदूबाईने डोळे मिटले. आता तो प्रश्न येणार.

“लोणच्याच्या बरणीत ओल गेली की वर पांढरा बुरा धरतो ना, तसंच आहे हे,” डॉक्टरीणबाई सांगत होत्या. “बुरशी. कुणाकडून यावी लागत नाही, आपली आपणच धरते. साबण नाही, तुरटी नाही, नुसतं पाणी. सुती कपडा, तोही उन्हात वाळलेला. हे जांभळं औषध आज मी लावते, मग आत ठेवायच्या गोळ्या देते. थंड वाटेल. पण इतकी माजली कशी? तहान लागते फार? रात्री उठावं लागतं?”

“लय वेळा.”

“नीट दिसतं?”

“सुईत दोरा जात नाही, बाई. महिना झाला.”

नर्सने लघवीत निळं औषध घालून नळी दिव्यावर धरली. ते पाणी हिरवं झालं, पिवळं झालं आणि भाजल्या विटेच्या रंगावर येऊन थांबलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. इंदूबाईला म्हणाल्या, “साखर आहे, आणि पुष्कळ आहे. ती बुरशी साखरेवरच पोसली. खाज आठवड्यात जाईल. साखर जायची नाही. रोज इंजेक्शन घ्यावं लागेल. डोळ्यांचं आत्ता काही सांगत नाही. आधी आणायला हवं होतं, आई.”

सिंधूला व्हरांड्यातल्या खाटेवर निजवलं. कितीतरी आठवड्यांनी ती सरळ पाठीवर पडली होती, पाय सैल सोडून. लुगड्याच्या काठाला जांभळा डाग लागला होता. इंदूबाई उशाशी बसली, पदराने वारा घालत.

“गाडी गेली असन,” सिंधू म्हणाली.

“जाऊ दे.”

“आत्याबाई, मले काहून धाडून राहिल्या होत्या?”

इंदूबाईचा हात थांबला. शेजारच्या खाटेवरची बाई कान देऊन होती. असू दे, तिला वाटलं.

“मले वाटलं, तुहा कोणी माणूस हाय,” ती म्हणाली. “हे दुखणं माणसापासूनच येते, असंच मले ठाऊक होतं वं. मले तुह्या सासऱ्यानं देलं होतं.”