भोपळ्याची चाल

कुत्रा हळू चालवायचा नसतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. नखं कशी कापायची ते सांगितलं, दात कसे दाखवायचे ते सांगितलं, रिंगमध्ये उभं करताना कुठला पाय कुठे ठेवायचा तेही सांगितलं. चालण्याचं काय सांगायचं, चालतो की कुत्रा आपला आपण! असंच सगळ्यांना वाटलं असणार. मलाही वाटलं होतं. मग कुत्र्यांच्या एका शोमध्ये परीक्षकबाईंनी भोपळ्याकडे पेन्सिल रोखली, "हा चालत नाहीये, डुलतोय," म्हणाल्या, आणि आम्हाला रांगेत सगळ्यात शेवटी नेऊन उभं केलं.

भोपळ्या म्हणजे आमचा बॉक्सर. कागदावर त्याचं नाव मालगाडीएवढं लांब आहे, पण पिल्लू होता तेव्हा नुसतं पोटच पोट होतं, म्हणून बाबांनी भोपळ्या ठेवलं आणि तेच चिकटलं.

मी शिवणकाम करते. पँटी आखूड करायच्या, कोट सैल करायचे, चेन बदलायच्या. कापड एका बाजूला अर्धं बोट खाली आलं तरी मला लांबून दिसतं. आणि माझ्याच कुत्र्याचे पाय कसे पडतात ते मला दिसलं नव्हतं! ते दिसलं कोटवाल्याला.

लोकांचे कुत्रे रिंगमध्ये दाखवणं हाच कोटवाल्याचा धंदा. कितीही उकडू दे, त्याच्या अंगावरचा कोट उतरत नाही. त्या दिवशी पार्किंगमध्ये माझ्यासमोर तो उकिडवा बसला आणि म्हणाला, "ताई, जरा हळू चालवा बरं त्याला."

मी चालवला.

"बघा. डावे दोन्ही पाय एकदम, मग उजवे दोन्ही एकदम. उंट असा चालतो. याचे तिरके पडायला हवेत, पुढचा डावा की मागचा उजवा. रोज कुणाबरोबर फिरतो हा?"

"माझ्या वडिलांबरोबर."

"पाय अधू आहे का त्यांचा?"

याला कसं कळलं? बाबांना त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. बाबांना झटका येऊन गेल्यापासून त्यांचा डावा पाय ओढत येतो.

"मग बरोबर," कोटवाला म्हणाला. "त्यांच्या वेगात याला दुडकता येत नाही, आणि एक एक पाय टाकायला याला धीर नाही. मग हा असा मधला मार्ग काढतो. रोज काढला की अंगात मुरतो." आणि मग औषध सांगितलं. पुढचा शो होईपर्यंत वडिलांबरोबर फिरणं बंद. रोज पळवायचा, आणि एका बाजूचे पाय एकत्र पडले रे पडले की पट्ट्याला वर एक हिसका.

"तुम्ही मला का शिकवताय?" मी विचारलं. "मी हरले तर हा तुमच्याच गाडीत येणार ना?"

"गाडीत जागा नाही, ताई," असं म्हणून तो गुडघे झटकत उठला.

हे गाडीचं काय, ते सांगते. भोपळ्या ज्या केनेलमध्ये जन्मला तिथल्या मालकीणबाईंचा तो निम्मा आणि माझा निम्मा. बोली अशी होती की मी त्याला चॅम्पियन करायचा. त्यासाठी तीन वेगवेगळ्या परीक्षकांची तीन सर्टिफिकेटं लागतात. दोन आमच्या पदरात पडली होती आणि सीझनचा एकच शो उरला होता. त्यात तिसरं मिळालं तर भोपळ्या कायमचा आमचा, मग तो घरी लोळत पडला तरी बाईंची हरकत नव्हती. नाही मिळालं तर पुढचं अख्खं वर्ष तो कोटवाल्याच्या व्हॅनमध्ये, पिंजऱ्यात, या गावाहून त्या गावाला. "अगं, तू हौशी," बाई मला म्हणाल्या. "हौसेने होऊन होऊन किती होणार? त्याचं ऐन वय चाललंय." त्या चुकीचं बोलल्या असं नाही. म्हणूनच माझं डोकं फिरलं.

कारण वर्षभर भोपळ्या नसला तर बाबा अंथरूण धरणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. झटक्यानंतर डॉक्टर सांगून सांगून थकले, आजोबा, चाला. व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची, तिला त्यांनी बोलून बोलून पळवून लावली. माझ्याबरोबर चला म्हटलं तर म्हणायचे, "तू शेजारी असलीस की परेड केल्यासारखं वाटतं." पण भोपळ्या सकाळी पट्टा तोंडात धरून पलंगापाशी उभा राहायचा, लाळ गाळत. त्याला नाही कसं म्हणणार? दोघं कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत जायचे, बाकावर बसून एक पाव दोघांत खायचे आणि परत यायचे. बाबांनी जन्मभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. "आम्ही पहिल्या गिअरमध्ये जातो," म्हणायचे. "पोचल्याशी कारण."

आणि आता तेच मी बंद करणार होते. त्यांच्याचसाठी!

"म्हणजे माझ्यामुळे बिघडला म्हण ना," बाबा म्हणाले.

"हो, तुमच्यामुळेच!" मी ओरडले. नको होतं ओरडायला. पण दिवसभर मशीनवर बसून वर कुत्रा पळवायचा म्हणजे माझाही जीव मेटाकुटीला आला होता.

"मग मी काय करू?"

"बसा. थोडेच दिवस बसा."

बसले. इतके बसले की मलाच भीती वाटायला लागली. बाहेर जायचे बूट त्यांनी स्वतःच पलंगाखाली सरकवून दिले. मी सकाळी भोपळ्याला घेऊन निघायचे तेव्हा तो दारात अडून बसायचा आणि मागे वळून बाबांकडे बघायचा. बाबा खिडकीकडे तोंड करायचे. मी शाळेच्या मागच्या मैदानावर त्याला पळवायचे. पाय चुकला की हिसका, चुकला की हिसका. हळूहळू हिसके कमी झाले. तिकडे बाबांना खुर्चीतून उठताना माझा हात लागायला लागला. आधी लागत नव्हता. हा जुगार अंगाशी येणार का, याचा विचार करत मी लोकांच्या पँटी शिवत होते.

शोच्या दिवशी बाबा म्हणाले, "मी येतो." नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. आमची गाडी ड्रायव्हिंग स्कूलचीच, शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असलेली. उजवा पाय शाबूत आहे म्हणून बाबांनी वाटेत तो ब्रेक प्रत्येक चौकात दाबला. मागे भोपळ्या दर वेळी सीटवर आपटत होता.

"बाबा, गाडी मी चालवतेय!"

"तेच बघतोय," ते म्हणाले.

हॉलमध्ये शाम्पूचा वास, ड्रायरची घरघर, आणि शंभर कुत्री भुंकत असलेली. मी बाबांना खांबामागे खुर्ची दिली. "इथून हलायचं नाही. त्याने तुम्हाला पाहिलं तर संपलं. बाहेरून कुणी कुत्र्याला खुणावलं तर परीक्षक सरळ बाहेर काढतात." बाबांनी काठी मांडीवर आडवी घेतली आणि मान डोलावली.

परीक्षक म्हातारे होते. जाड भुवया, आणि हसणं वर्ज्य असावं असा चेहरा. त्यांनी भोपळ्याचे ओठ उचलून दात पाहिले, खांदे दाबले, पाठीवरून हात फिरवला आणि मग मागून जे तपासायचं ते दोन्ही जागेवर आहेत ना तेही तपासलं. भोपळ्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की एरवी मी फिसकन हसले असते. पण तेव्हा हसायचं भान नव्हतं. माझ्या कोटाच्या आत मी खास खिसा शिवला होता, त्यात उकडलेल्या लिव्हरचे तुकडे होते. एक काढायला गेले तर बोटांतून निसटून सतरंजीवर पडला. भोपळ्याने तो खाल्ला नाही. शहाणं माझं बाळ ते.

"सरळ जा आणि परत या."

गेलो. तिरके पाय, ताठ पाठ, मैदानावर घोटवलं होतं अगदी तसं. एकेक कुत्रा बाहेर जात राहिला. शेवटी दोघेच उरलो, मी आणि कोटवाला. त्याच्याजवळ पट्ट्यापट्ट्यांचा बॉक्सर होता. खोटं कशाला बोलू, कुत्रा देखणा होता. बाहेर मालकीणबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या.

परीक्षकांनी दोन्ही कुत्र्यांकडे आळीपाळीने बघितलं. मग माझ्याकडे पेन्सिल केली.

"तुम्ही. परत एकदा. या वेळी हळू, आणि पट्टा सैल."

 पळताना कुठल्याही कुत्र्याचा दोष लपून जातो, खरा काय तो हळू चालताना कळतो. त्यांना शंका आली असणार. मी सैल पट्टा धरला आणि निघाले. जाताना ठीक. वळलो. खांबाच्या बाजूने परत यायला लागलो.

आणि मला काठी ऐकू आली.

ठक. पाय ओढल्याचा आवाज. ठक. एवढ्या गोंगाटात मला ऐकू आली, मग भोपळ्याला येणार नाही? बाबा उठले होते. कुणाच्याही हाताशिवाय, आपले आपण उठले होते, आणि दोरीच्या पलीकडून आमच्या बाजूनेच चालत होते. खुणावत नव्हते, हाक मारत नव्हते. आम्हाला नीट बघायचं म्हणून लेकराच्या शाळेच्या कार्यक्रमाला आल्यासारखे चालले होते. भोपळ्याचे कान उभे राहिले. त्याची पाठ मऊ झाली. आणि त्याच्या पावलांत बाबांचं पाऊल यायला लागलेलं मला पट्ट्यातून कळलं, अजून कुणाला दिसायच्या आधी.

देवा, काय वाटलं तेव्हा! इतक्या दिवसांनी माझा बाप चालत होता, आणि त्याच्याबरोबर चालणाऱ्याला मला तोडायचं होतं. नाही तोडलं तर तो व्हॅनमध्ये जाणार. पट्टा सैलच दिसायला हवा होता, म्हणून मी नुसतं मनगट वर उचललं. बारीकसा हिसका. भोपळ्याने एकदा बाबांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग मान वर केली आणि तिरके पाय टाकत परीक्षकांपर्यंत हळू दुडकत गेला.

मागे काठी थांबली. मी वळून बघितलं नाही.

परीक्षकांनी सरळ माझ्याकडे बोट केलं. कोटवाल्याने माझा हात गदागदा हलवला, मालकीणबाईंनी मला मिठी मारली, "आता हा तुझाच गं, एकदा मिळालेला किताब कुणी काढून घेत नाही," म्हणाल्या. मी तिथेच सतरंजीवर बसून भोपळ्याच्या मानेत तोंड घालून रडले. बाबा दोरीपाशी उभे होते. "जमलं ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पलंगाखालून त्यांचे बूट काढले आणि पट्टा त्यांच्या हातात दिला. मला वाटलं होतं, आता सगळं पहिल्यासारखं होणार. मी गॅलरीत उभी राहून बघत होते. फाटकाबाहेर पडताच भोपळ्या दुडकायला लागला. तिरके पाय, ताठ पाठ, थेट समोर नजर. बाबांनी काठी टेकली तोवर पट्टा ताणला गेला होता. बाबा एकदा झोकांडले. दुसऱ्यांदा झोकांडले. मग त्यांनी हात उघडून पट्टा सोडून दिला आणि फाटकाच्या खांबाला धरून उभे राहिले. मी धावत खाली गेले.

"चांगला चालतो आता," बाबा म्हणाले. चेष्टा नव्हती त्यात, मनापासून म्हणाले. "तू ने त्याला. मी आपला वर जातो."

"वर नाही जायचं."

"अगं, माझ्याच्याने नाही होत तसं."

"तुमच्याच्याने नाहीच होणार!" माझा आवाज चढला, बेकरीवाल्याने मान बाहेर काढून बघितलं. "चॅम्पियन झाला ना तो? मग आता मला काय करायचीय त्याची चाल? बाबा, तुम्ही एकदा बिघडवलात ना त्याला? परत बिघडवा! मी आहे मदतीला. चला!"

 बाबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि पट्ट्यासाठी हात पुढे केला.

मी त्या दोघांच्या मागून चालले, भोपळ्या पुढे धावला की त्याला धरायला. पहिल्या दिवशी फाटकापासून विजेच्या खांबापर्यंतच जमलं. त्याच्या पुढच्या दिवशीही तेवढंच. भोपळ्या गोंधळायचा, दुडकी घ्यायचा, पट्टा ताणला की थांबून माझ्याकडे बघायचा, हिसका येतोय का म्हणून. ते बघणं मला सहन व्हायचं नाही. मी दोन्ही हात पाठीमागे बांधून त्याला दाखवायचे, नाही रे राजा, हिसका नाही. बाबा खांब गाठायचे, घाम पुसायचे आणि परत फिरायचे.

एका सकाळी आम्ही खांब ओलांडला. बाबांची काठी पडत होती, ठक, आणि पाय ओढत येत होता. मी सवयीने भोपळ्याच्या पायांकडे बघत होते. पुढचा डावा पडला. त्याच्याबरोबर मागचा डावाच पडला. मग उजवे दोन्ही. मग डावे दोन्ही. पाठ सैल, ढुंगण डोलतंय, उंटासारखा डुलतोय नुसता.

"बाबा!" मी भर रस्त्यात ओरडले. "बिघडला! बिघडला हो!"

बाबांनी मागे वळून बघितलं नाही. त्यांचं लक्ष बेकरीकडे होतं.

"ओरडू नकोस," ते म्हणाले. "पहिला गिअर पडलाय. आता चालू दे."