पाणी सोडताना

दर शनिवारी मी सिंगापुरात, बिशानच्या कम्युनिटी क्लबात आठ-दहा मराठी पोरांना वाक्प्रचार शिकवते. पोरं इथलीच, मराठी त्यांना फक्त आजी-आजोबांशी फोनवर बोलण्यापुरती. 'पाणी सोडणे म्हणजे एखाद्या गोष्टीचा हक्क किंवा आशा कायमची सोडून देणे', असं मी फळ्यावर लिहिते, आणि वाक्यात उपयोग करा म्हटलं की एखादं कार्टं हमखास लिहितं, 'आईने कुंडीत पाणी सोडले.' मी लाल फुली मारते आणि वर आवाजही चढवते. माझा आवाज चढतो हे वर्गाला पाठ आहे. पण याच दोन शब्दांनी एक दिवस माझीच झोप उडवली.

त्याचं झालं असं. माझा मुलगा निहार, वय एकोणतीस, बँकेत नोकरी, प्लॉय नावाच्या थाई मुलीच्या प्रेमात पडला. पोरगी गोड आहे, माझी काही तक्रार नव्हती. तक्रार तिच्या वडिलांची निघाली. त्यांनी व्हिडिओ कॉलवर हसत हसत विचारलं, मुलाने चीवर घातलंय का कधी? थाई घरांमध्ये पुरुषाने आयुष्यात एकदा तरी, थोड्या दिवसांसाठी का होईना, भिक्खू व्हायचं असतं. झाला तो पिकलेला आणि न झाला तो कच्चा, असं त्यांच्याकडे सरळ म्हणतात. म्हणजे माझा सहा फुटी मुलगा त्यांच्या हिशेबी कच्चं लिंबू. मला राग आला, पण बोलणार कोणत्या तोंडाने? मुंज करायच्या वयात त्याचे बाबा, म्हणजे चारू, जहाजावर इंजिनियर होते. या सुट्टीत करू, पुढच्या सुट्टीत करू, करता करता ती राहूनच गेली.

प्लॉय म्हणाली, काही गरज नाही, बाबा जुन्या वळणाचे आहेत. पण निहारच म्हणाला, "नऊच दिवस आहेत, आई. मला लीव्ह आहे. कॅन लाह, जमेल."

नऊ दिवस ऐकून चारू निर्धास्त झाला. मी नाही झाले. माझा विश्वासमामा चार महिन्यांसाठी म्हणून ऋषिकेशला गेला होता, चातुर्मासापुरता. तिथून तीन पत्रं आली आणि मग तीही थांबली. माझी आई शेवटपर्यंत दाराची बेल वाजली की सगळ्यांच्या आधी उठायची. तेव्हा संन्यासाच्या बाबतीत कोणी मुदत सांगितली की मी ती खरी धरत नाही.

तर एका रविवारी सकाळी आम्ही सगळे इथल्या थाई विहारात जमलो. प्लॉयचे आई-वडील बँकॉकहून आले होते. निहारच्या केसांची पहिली बट मी कापली, मग भिक्खूंनी उरलेलं डोकं गुळगुळीत केलं, आणि त्याबरोबर भुवयाही. भुवयांचं मला कोणी सांगितलं नव्हतं. भुवया नसलेलं आपलं मूल ओळखू येत नाही, हे मी स्वानुभवाने सांगते. मग पालीमध्ये प्रश्नोत्तरं झाली. तू माणूस आहेस ना, कर्ज नाही ना, आई-वडिलांची परवानगी आहे ना. प्लॉय माझ्या कानात अर्थ सांगत होती. निहारने परवानगीला 'हो, भन्ते' म्हटलं, तेव्हा त्याने वळून माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली.

मग त्यांनी माझ्या हातात एक पितळी झारी दिली आणि पुढे एक वाटी ठेवली. भिक्खू मंत्र म्हणू लागले. सगळे आपापल्या वाटीत बारीक धारेने पाणी ओतायला लागले. मी बघत बसले. तेवढ्यात चारूने मला कोपराने ढोसलं आणि पुटपुटला, "सोड की पाणी, सगळे सोडतायत."

मी सोडलं. आणि धार वाटीत पडता पडता मला कळलं की आपण काय करतोय. आपल्याकडे मुलगी द्यायची तर हातावर पाणी सोडतात. दान द्यायचं तर पाणी सोडतात. एकदा सोडलं की ती गोष्ट आपली नाही. समोर माझा मुलगा भगव्या वस्त्रात, तुळतुळीत डोक्याने बसलेला, आणि मी त्याच्यावर पाणी सोडत होते. मी धार मध्येच थांबवली, अर्धी झारी तशीच राहिली. प्लॉयच्या आईने मायेने माझ्या पाठीवर हात ठेवला. तिला वाटलं, मी भक्तीने भारावले आहे.

त्यानंतर भिक्खूंनी नाही, पण घरच्यांनी निहारला नमस्कार करायला सुरुवात केली. प्लॉयचे आई-वडील त्याच्यापुढे चक्क डोकं टेकून वाकले. मला म्हणाले, तुम्हीही. मी साफ नाही म्हटलं. मोठ्याने धाकट्याच्या पाया पडलं तर धाकट्याचं आयुष्य कमी होतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे, आणि असल्या बाबतीत मी खरं-खोटं करत बसत नाही. मी फक्त हात जोडले.

पुढचे दिवस मी रोज सकाळी डबा घेऊन विहारात जायची, कारण दुपारी बारानंतर ते जेवत नाहीत. डबाही त्याच्या हातात द्यायचा नाही, बाईने भिक्खूला स्पर्श करायचा नाही. त्याने समोर एक फडकं पसरायचं, मी त्यावर डबा ठेवायचा. एकदा माझी थालीपिठं कुठल्याशा म्हाताऱ्या भिक्खूच्या ताटात गेली आणि निहारच्या वाट्याला कोणाचा तरी चिकन राइस आला. तो मुकाट्याने खात होता. मला त्याने 'आई' अशी हाक मारली नाही, भिक्खू आपल्या संसारी आईला ज्या थाई शब्दाने हाक मारतात, तो वापरला. नियमच आहे तो. पण घरी येताना एमआरटीमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, माझे डोळे भरून आले, आणि समोरच्या मुलीने मला बसायला जागा दिली.

मी तिथल्या मोठ्या भिक्खूंना गाठून विचारलं. त्यांना सगळे लुआंग फो म्हणतात, म्हणजे आपण आदराने बाबा म्हणतो तसं. मी विचारलं, नवव्या दिवशी तुम्ही त्याला घरी पाठवाल ना? ते मोडक्या इंग्रजीत शांतपणे म्हणाले, आम्ही कोणाला पाठवत नाही, ज्याला जायचं असतं तो स्वतः मागतो. झालं. विश्वासमामालाही कोणी अडवून ठेवलं नव्हतं.

टॅम्पिनीसला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला, सविताला, मी फोन केला. ती नागपूरची, घरचं वातावरण बौद्ध. ती हसायलाच लागली. त्यांच्याकडे दहा दिवसांचं श्रामणेर शिबिर असतं, तिचा भाऊ दोनदा जाऊन आला होता आणि दोन्ही वेळा फक्त वजन कमी करून परतला होता. मी विचारलं, सगळेच परत येतात? ती म्हणाली, एक जण राहिला होता, पण त्याचं घरी फारसं पटत नव्हतं. त्या रात्री मी निहारशी झालेली सगळी भांडणं आठवत पडून राहिले.

आठव्या दिवशी, रविवारी दुपारी, प्लॉयचा मेसेज आला. 'आंटी, निहार उद्या बाहेर येत नाहीये. नंतर सांगते, विमानात बसतेय.' ती आई-वडिलांना सोडायला बँकॉकला निघाली होती. मी फोन लावला तर बंद. चारू इंडोनेशियात, बाटमच्या शिपयार्डमध्ये, त्याचाही लागेना. मी गॅस बंद केला, पायात सापडल्या त्या चपला घातल्या आणि ग्रॅब टॅक्सी बोलावली.

निहार विहाराच्या अंगणातल्या बाकावर येऊन बसला. मी समोरच्या बाकावर. शेजारी एक वयस्क भिक्खू येऊन बसले, कारण भिक्खूने बाईशी एकट्याने बोलायचं नसतं. माझ्या पोराशी बोलायला मला पहारेकरी लागला होता. मी मनाशी सगळं ठरवून आले होते, शांतपणे विचारायचं, आवाज चढवायचा नाही. पण तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"मी तुझ्यावर पाणी सोडलं, निहार. म्हणून हे असं झालं."

तो गोंधळला. "हो, बघितलं मी. सगळ्यांनीच सोडलं."

"तसं नाही रे. मला ते करायचं नव्हतं."

मग मी त्याला वाक्प्रचार समजावून सांगितला, वर्गात सांगते तसा, अर्थासकट आणि उदाहरणासकट. फरक इतकाच की वर्गात मी रडत नाही. दुसऱ्यांच्या पोरांना इतकी वर्षं शिकवत आले आणि घरच्या पोराला दोन शब्दांचा अर्थ माहीत नव्हता. तो ऐकत राहिला. भुवया नसल्यामुळे त्याला काय वाटतंय ते कळायला मार्ग नव्हता.

"आई," तो म्हणाला. त्याने आई म्हटलं. "ते पाणी माझ्यावर नव्हतं. इथे जे चांगलं घडलं ना, त्याचं पुण्य शेअर करायचं असतं. कोणाला तरी मनात आणायचं आणि ओतायचं. मेलेलं माणूस असेल, जिवंत असेल, कोणीही. दिलं म्हणून आपलं कमी होत नाही. तू कोणाचं नाव घेतलंस?"

"कोणाचंच नाही."

"मी तुझं घेतलं."

मी पदराने डोळे पुसायला गेले आणि लक्षात आलं की आपण घरातल्या गाउनवरच आलोय. शेजारचे भिक्खू आकाशाकडे बघत होते.

मग मी मुख्य प्रश्न विचारला. उद्या का येत नाहीस? त्यावर तो जे म्हणाला ते ऐकून मला आधी कळेचना. चीवर उतरवायलाही दिवस पाहावा लागतो. लुआंग फोंनी पंचांग काढलं, सोमवार चांगला नाही म्हणाले. गुरुवारी सकाळी नऊ वाजून नऊ मिनिटं, ही वेळ उत्तम.

"म्हणजे मुहूर्त नाही म्हणून?"

"हो. मुहूर्त नाही."

मी इतकी मोठ्याने हसले की पहारेकरी भिक्खू दचकले. निहार-प्लॉयच्याच लग्नासाठी मी पुण्याच्या गुरुजींना व्हिडिओ कॉलवर धरून तीन तारखा नाकारल्या होत्या, आणि तेव्हा प्लॉयच्या वडिलांनी प्रत्येक वेळी समजूतदारपणे मान हलवली होती. का हलवत होते ते आता कळलं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. परतीच्या वाटेवर मी हॉकर सेंटरमध्ये थांबून दोन कप कॉफी प्यायले, आठ दिवसांत पहिल्यांदा चव लागली.

गुरुवारी आम्ही आठलाच हजर झालो. प्लॉय परत आली होती, विमानात चढता चढता केलेल्या मेसेजबद्दल तिने दहा वेळा माफी मागितली. भिक्खूंचं खाणं झालं, मंत्र सुरू झाले आणि पुन्हा माझ्यापुढे झारी आली. या वेळी मी विश्वासमामाला मनात आणलं. जिथे असशील तिथे, असशील किंवा नसशील, हे तुझं, असं म्हणून झारी पूर्ण रिकामी केली. ते पाणी बाहेर झाडाच्या बुंध्याशी नेऊन ओतायचं असतं, तेही मीच ओतलं. वर्गातल्या त्या कार्ट्याला मी उगाच फुली मारली होती.

बरोबर नऊ वाजून नऊ मिनिटांनी निहारने परवानगी मागितली, आत गेला आणि मी आणलेली पँट नि शर्ट घालून बाहेर आला. शर्ट ढगळ झाला होता. चारूने त्याला मिठी मारली, प्लॉयने त्याच्या डोक्यावरून हात फिरवून नाक मुरडलं. माझ्या जवळ यायच्या आधीच ग्रॅब आली.

चारू पुढे बसला, प्लॉय ऑफिसला गेली, आम्ही दोघं मागे. मला गप्प राहता आलं असतं. सगळं छान झालं होतं. पण माझा स्वभाव.

"खरं सांग," मी म्हटलं. "राहावंसं वाटलं होतं का?"

त्याने ढगळ शर्टाची एक बाही दुमडली.

"पाचव्या दिवशी, हो. खूप शांत वाटत होतं. मी लुआंग फोंना विचारलं, अजून राहू का. ते म्हणाले, आईची परवानगी नऊ दिवसांची आहे. जास्त हवी तर तिला विचार."

"मग विचारलं का नाहीस?"

"भीती वाटली."

"मी रडेन म्हणून?"

"नाही," निहार म्हणाला. "तू हो म्हणशील म्हणून."

आणि मी म्हणाले असते. आवाज चढवून, चार गोष्टी सुनावून, पण हो म्हणाले असते. हे त्याला माझ्याआधी कळलं होतं. मी त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं, चारू मागे वळला, निहार हसायला लागला. हात मात्र मी उचलला नाही, बिशान येईपर्यंत तो तसाच त्याच्या पाठीवर ठेवला.