पुरे म्हणणारा पाना

मित्रांनो, मी एक जुना पाना आहे. पण मला नुसता पाना म्हणालात तर राग येतो, हे आधीच सांगून ठेवतो. माझं खरं नाव टॉर्क रेंच. साधा पाना बोल्ट फिरवतो आणि फिरवतच राहतो. कुठे थांबायचं ते त्याला कळत नाही. मला कळतं. माझ्या मुठीवर आकडे आहेत. ज्या बोल्टला जेवढा जोर हवा तेवढ्या आकड्यावर मूठ फिरवायची आणि मग सावकाश ओढायचं. तेवढा जोर झाला की माझ्या पोटातून आवाज येतो, ‘टक’. म्हणजे पुरे. आयुष्यभर मी हा एकच शब्द बोलत आलो आहे.

कोणत्या कारखान्यात माझा जन्म झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते मुंबईतल्या नागदेवीच्या हत्यारांच्या बाजारातलं दुकान आणि तिथे आलेला लवू. लवू गिरणीत फिटर होता. गिरणी बंद पडल्यावर तो एका गॅरेजात लागला होता. त्याने मला हातात घेतलं, कानाशी नेलं, माझी टक ऐकली आणि हसला. त्या दिवसापासून मी करी रोडच्या चाळीतला झालो.

चाळीत तळमजल्यावर लवूची खोली होती आणि दारासमोर त्याची मोटरसायकल उभी असायची. रविवारी सकाळी तो तिची कामं काढायचा. शेजारच्या रामजीला माझी फार गंमत वाटे. “काय रे लवू, बोल्ट आवळतंस काय सोनाराचा काम करतंस?” तो गॅलरीतून विचारायचा.

लवू मान वर न करता म्हणायचा, “सोनार चुकलो तर दागिनो मोडता. मी चुकलंय तर माणूस मोडात.”

लवूची मुलगी अनुजा त्याच्याजवळ उकिडवी बसून सगळं बघायची. नवा बोल्ट आधी बोटांनी फिरवायचा, म्हणजे आटे नीट बसलेत की नाही ते कळतं. अडला तर काढायचा, पुसायचा, पुन्हा लावायचा. जबरदस्ती करायची नाही. दोन बोल्ट असतील तर एक थोडा, मग दुसरा थोडा, असं करत शेवटी मला लावायचं. काम संपलं की लवू माझी मूठ उलटी फिरवून आतली स्प्रिंग सैल करायचा आणि मगच मला पेटीत ठेवायचा. “त्यालाही विश्रांती लागते गं,” असं तो अनुजाला म्हणे. मला हे फार आवडायचं. लाड कोणाला आवडत नाहीत?

लवूची आणखी एक पद्धत होती. काम अर्धवट सोडून उठावं लागलं की तो गाडीच्या हँडलला लाल फडकं बांधायचा. फडकं असेपर्यंत गाडीला कोणी हात लावायचा नाही. त्याची बायको सीमा लग्नकार्याला नटूनथटून उभी असली तरी नाही. त्यावरून दोघांची भांडणंही होत, पण फडकं सुटत नसे.

धाकट्या गौतमला मात्र या कामात कधी गोडी नव्हती. रविवारी तो क्रिकेटची बॅट घेऊन पसार व्हायचा. त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पोरगं होतं ते.

मग लवू आजारी पडला आणि गेला. मला माळ्यावर टाकलं. तिथे एका फुटक्या कुकरशेजारी मी पडून राहिलो. कोणी विचारलं नाही. माझ्या दांड्यावर गंजाचे ठिपके आले. खरं सांगतो मित्रांनो, गंजाचं एवढं दुःख नव्हतं. रविवार आला की खालचे आवाज ऐकू यायचे आणि त्यात माझा आवाज नसायचा, ते सोसवत नसे.

वडिलांची गाडी अनुजाकडे आली होती. ती आता परळच्या एका इस्पितळात, लॅबमध्ये काम करते. गेल्या पावसाळ्यात गाडीचा पुढचा ब्रेक खडखडायला लागला. गौतमला वाटलं, ताईचं काम हलकं करावं. त्याने साध्या पान्याला नळाचा पाइप जोडला आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून ब्रेकचे दोन्ही बोल्ट आवळले. खडखड थांबली. पण बोल्ट ताणले जाऊन कमजोर झाले होते. अनुजाच्या ते लक्षात आलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला, भावाला एक टपली मारली आणि दोन नवे बोल्ट आणले. मग स्टूल लावून माळ्यावर चढली. कुकर बाजूला सरकवून तिने मला उचललं आणि लहानपणी हात फ्रॉकला पुसायची तसं मला आपल्या कुर्त्यालाच पुसलं. त्या क्षणी मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो. एका ओळखीच्या दुकानात नेऊन तिने मला तपासून घेतलं. माझा आकडा अजून खरा होता.

नवे बोल्ट लावायला तिने दसऱ्याची सकाळ धरली. आटे ब्रशने साफ केले, ब्रेकचा जबडा, म्हणजे चाकाची तबकडी दोन्ही बाजूंनी पकडणारा भाग, जागेवर धरला, बोल्ट बोटांनी फिरवून बसवले. आता मला उचलणार, एवढ्यात सीमा बाहेर आली. “अनु, हत्यारं दे बघू सगळी. पूजेची वेळ टळतेय.”

“दोनच मिनिटं, मम्मी.”

“तुझी दोन मिनिटं मला ठाऊक आहेत. दे.”

सीमाने पेटी उचलली आणि मला वरच्यावर काढून घेतलं. पाटावर लाल कापड होतं. हातोडी, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर आणि मधोमध मी. हळदकुंकू लागलं, झेंडू आला, आपट्याची पानं आली. या घरचा नियम असा, की दसऱ्याला पूजलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत उचलायचं नाही.

तेवढ्यात अनुजाला लॅबमधून फोन आला. कोणी तरी कामावर आलं नव्हतं. ती घाईने तयार झाली. जाताना तिने वडिलांसारखंच हँडलला लाल फडकं बांधलं आणि पायीच परळला निघाली. गौतम तोरणासाठी आणि हारांसाठी आणखी फुलं आणायला दादरला गेला होता. फडकं बांधलंय म्हणजे गाडीला कोणी हात लावणार नाही, असं तिने धरलं.

गौतम परतला. बिचाऱ्याच्या मनात अजून त्या बोल्टची टोचणी होती. ताई यायच्या आत गाडी चकचकीत करावी म्हणून त्याने बादली भरली. रविवारी बॅट घेऊन पळणाऱ्या त्याला फडक्याचा अर्थ कधी कळलाच नव्हता. सणाच्या दिवशी हँडलला मळकं फडकं कसलं? त्याने ते सोडलं, त्याच फडक्याने गाडी पुसली, पिळून कठड्यावर वाळत टाकलं आणि त्या जागी झेंडूचा हार घातला. गाडी नवरीसारखी दिसत होती. मग तो आईला म्हणाला, “चल मम्मी, मामाकडे सोनं द्यायला गाडीवरूनच जाऊ. गिरगाव काय, आत्ता पोचू.”

मित्रांनो, मी उघड्या दारासमोर पाटावर बसलो होतो. कपाळाला कुंकू, डोक्यावर फूल. देव झालो होतो म्हणा ना. आणि मला ठाऊक होतं, की पुढचा ब्रेक ज्या दोन बोल्टांवर उभा आहे ते फक्त बोटांनी फिरवलेले आहेत. रस्त्याचे धक्के बसले की ते सुटत जाणार. जबडा निखळून चाकात अडकला तर गाडी उलटणार, आणि मागे सीमा बसलेली असणार. मला ओरडायचं होतं. पण मला ‘पुरे’ एवढंच बोलता येतं. ‘अजून पुरे नाही’ हे मला बोलता येत नाही, आणि तेही कोणी हातात घेतल्याशिवाय नाहीच. अशी पूजा काय कामाची, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

गौतमने गाडी सुरू केली. सीमाने आपट्याच्या पानांची पिशवी काखेला लावली, पदर खोचला आणि बसण्यासाठी कठड्याचा आधार घेतला. तिचा हात ओल्या फडक्यावर पडला.

“हे कुठे होतं रे?”

“हँडलला. ताईने बांधलेलं. घाण दिसत होतं म्हणून काढलं.”

सीमा तिथेच उभी राहिली. “गाडी बंद कर.”

“अगं काय झालं? मामा वाट बघतोय.”

“बघू दे. बंद कर आधी.” तिने स्वतः वाकून चावी काढली. “तुझे बाबा हे बांधायचे तेव्हा मला ह्या गाडीला टेकूसुद्धा द्यायचे नाहीत. माझ्या भावाच्या हळदीला मी एकटी टॅक्सीने गेलेय, माहितेय?”

तिने अनुजाला दोन-तीनदा फोन लावला, पण अनुजाने उचलला नाही. थोड्या वेळाने तिचाच आला. गौतमने तो स्पीकरवर टाकला. “मम्मी, एवढे फोन? गाडी नाही ना काढलीत? बोल्ट नुसते हाताने लावलेत!”

गौतम पायरीवर बसला. सीमाने त्याच्या केसांतून हात फिरवला.

दुपारी अनुजा आली. आता मला उचलायचं कोणी? दोघं भावंडं पाटाकडे बघत उभी राहिली. सीमा पुढे झाली, हात जोडले आणि मला उचलून अनुजाच्या हातात दिलं.

“मम्मी, चालेल?” गौतमने विचारलं.

“ह्याची पूजा कशासाठी केली? माणसं धड राहावीत म्हणूनच ना? मग करू दे त्याला त्याचं काम.”

अनुजाने माझी मूठ बरोबर आकड्यावर फिरवली आणि मला गौतमपुढे धरलं. “तू आवळ.”

“नको गं ताई. मी पुन्हा वाट लावेन.”

“नाही लावणार. हळू ओढ. हा थोडा, मग तो थोडा. आणि कान दे.”

त्याने मला दोन्ही हातांनी धरलं. तो ओढत गेला, घाबरत घाबरत, आणि मी म्हणालो, ‘टक’. इतक्या वर्षांनी त्या दारात मी बोललो होतो. सीमाने तोंडाला पदर लावला. सवयीने गौतम आणखी एक हिसका द्यायला निघाला, तेव्हा तिने त्याचं मनगट धरलं. “पुरे म्हणतोय ना तो.” दुसऱ्या बोल्टला तो आपणहून थांबला. मग अनुजाने त्याला ब्रेकची मूठ पुन्हा पुन्हा दाबायला लावली आणि गाडी चाळीच्या आवारातच चालवून ब्रेक तपासला.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं कोणी असेल. त्याला फूल वाहा, कुंकू लावा, आम्हाला आनंदच होतो. पण हातातलं काम अर्धं टाकून आमची पूजा करू नका. काम झालं की आमची स्प्रिंग सैल करा, कोरड्या जागी ठेवा. आणि अर्धवट काम सोडून जायची वेळ आलीच, तर नुसती खूण ठेवू नका, घरातल्या माणसांना तोंडाने सांगून जा.

त्या संध्याकाळी गौतम आईला घेऊन गिरगावला गेला. अनुजाने माझी स्प्रिंग सैल केली, मला पुसून पुन्हा पाटावर ठेवलं आणि ती दारातच बसून राहिली. मीही कान लावून होतो. दिवेलागण झाली, आणि गल्लीच्या तोंडाशी ओळखीचा आवाज आला. गाडी वळली, दारापाशी आली. गौतमने ब्रेक दाबला आणि ती जिथे थांबायला हवी होती तिथेच थांबली. मागून सीमा उतरली आणि पाय झटकत म्हणाली, “अनु, चहा टाक गं.”