रस्त्याकडचा पट्टा

"हे वाळलंय? कुणाला सांगता!" अल्विननं चाऱ्यासाठी कापलेल्या लसूणघासाची काडी माझ्या नाकासमोर नाचवली. "परवा कापलं नि आज गठ्ठे बांधायचे? बाईसाहेबांपायी पुन्हा कोठार पेटणार!"

बाईसाहेब म्हणजे आमची एकुलती एक लेक ज्युडिथ. ओलसर गठ्ठे आतून तापतात, तसेच तापून आमचं जुनं कोठार जळालं. तेव्हापासून माझ्या नवऱ्याचा उन्हावरसुद्धा विश्वास नाही. त्यात ज्युडिथनं हट्टानं हे रोलरवालं कापणीयंत्र आणलेलं. यंदाचं गवत धड आत आलं तरच शेत तिच्या हाती द्यायचं, असं त्यानं कसंबसं कबूल केलं होतं.

"बाबा, रोलरमध्ये देठ चेचला जातो," ज्युडिथ म्हणाली. "मग तो पानाबरोबरच वाळतो. नाहीतर पान कुरकुरीत होऊन झडतं आणि देठ ओलाच राहतो. नखानं खरवडून बघा की, ओला असेल तरच साल सुटेल!"

त्यानं खरवडलं. साल निघेना. दुसरी काडी, तिसरी काडी. तोंड आणखीच आंबट झालं.

ज्युडिथ बघत बघत रस्त्याकडच्या पट्ट्यात गेली नि थबकली. तिथले देठ अख्खेच होते, साल सहज सोलून निघत होती.

"हा पट्टा तुम्ही कापलात ना?"

"हो, तू दूध काढत होतीस तेव्हा. बघ तुझं यंत्र! म्हटलं नव्हतं मी?"

त्याचा तो सूर मी चांगला ओळखते, काही लपवायचं असलं की असाच चढतो.

"अल्विन, रोलरला हात लावलास?"

"दोन रोलरमधली फट जरा वाढवली." तो टोपीशी चाळा करू लागला. "पानं झडतील असं वाटलं."

असा संताप आला मला! पोरीच्या कष्टांवर पाणीच फिरवायला निघाला होता की! ज्युडिथनं मात्र तो पट्टा सोडून बाकीचे गठ्ठे बांधले. रात्री पाऊस आला तेव्हा सगळे गठ्ठे कोठारात होते, पट्टा तेवढा भिजला.

सकाळी शेजारच्या हार्लनचा फोन आला, पुढची कापणी कधी म्हणून. तो अल्विननं उचलला.

"ज्युडिथला विचार," तो म्हणाला. "गवताचं आता तीच बघते."

फोन तिच्या हातात देऊन तो दाताळं घेऊन बाहेर पडला. त्या पट्ट्यातलं भिजलेलं गवत एकटाच ओढत राहिला. न्याहारी गार झाली, तरी मी त्याला हाक मारली नाही.